स्वररज्जूशेजारी बसवलेला कृत्रिम तुकडा आणि शरीराचा प्रतिसाद

परभणी जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची डावी स्वररज्जू हलेनाशी झाली. आता चौदा महिने उलटले, तरी आवाज फुसफुसताच राहिला आहे, तो वर्गातल्या मागच्या ओळीपर्यंत पोहोचत नाही आणि पाणी पिताना ठसका लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका शल्यचिकित्सकांनी स्वररज्जूशेजारी सिलिकॉनचा तुकडा बसवण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी गोअर-टेक्सची पट्टी सुचवली. अशातच औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका नातलगाने ‘गोअर-टेक्स म्हणजे टेफ्लॉनच, आणि टेफ्लॉनने घशात गाठी होतात’ असे सांगून त्यांना घाबरवले. शरीर ही परकी वस्तू स्वीकारते की बाहेर टाकते, ती किती वर्षे टिकते आणि पुढे कर्करोगाची भीती असते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आपल्या नातलगांचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. टेफ्लॉन आणि गोअर-टेक्स हे दोन्ही पॉलिटेट्राफ्लुरोएथिलीन याच पदार्थाचे प्रकार आहेत. तरीही स्वरयंत्रात एकाने अनेक रुग्णांचे हाल केले आणि दुसरा गेली दोन दशके आणि त्याहून अधिक काळ मोठ्या प्रमाणावर निर्वेधपणे वापरला जात आहे. यामागचे कारण समजले, तर आपल्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यातच सापडतील. ऊती पदार्थाच्या नावाला प्रतिसाद देत नाही. ती वस्तूचा आकार किती, पृष्ठभाग कसा, ती कोणत्या थरात बसली आहे, ती हलते की स्थिर आहे आणि तिच्यावर निरोगी अस्तर आहे की नाही, या गोष्टींना प्रतिसाद देते. जैवसुसंगतीची जी व्याख्या डेव्हिड विल्यम्स यांनी १९८७ मध्ये मांडली आणि जी आजही प्रमाण मानली जाते, तिचा आशयही हाच आहे: विशिष्ट उपयोगात वापरताना शरीराकडून योग्य प्रतिसाद मिळवण्याची पदार्थाची क्षमता म्हणजे जैवसुसंगती. त्यातले ‘विशिष्ट उपयोगात’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत, कारण कोणताही पदार्थ सर्व ठिकाणी सारखाच चांगला किंवा सारखाच वाईट नसतो.

प्रथम हा तुकडा नेमका कुठे बसतो ते पाहू. ‘स्वररज्जूत प्लास्टिक घालतात’ असे लोक सरसकट बोलतात, प्रत्यक्षात थायरोप्लास्टीमध्ये, म्हणजे हा तुकडा बसवण्याच्या शस्त्रक्रियेत, स्वररज्जूच्या आत काहीही घातले जात नाही. स्वररज्जूची रचना थरांची आहे. सर्वांत वर पातळ अस्तर, त्याखाली जेलीसारखा सैल थर, मग लवचीक आणि चिवट तंतूंचा पट्टा, आणि सर्वांत खोल स्नायू. मिनोरू हिरानो या जपानी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे थर आणि त्यांचे कार्य स्पष्ट केले. बोलताना वरचा सैल थर आणि अस्तर खालच्या भागावरून लाटेसारखे सरकतात, आणि स्त्रियांमध्ये हे कंपन सेकंदाला साधारण २०० वेळा घडते. या सैल थरात कोणतीही कृत्रिम वस्तू शिरली की लाट थांबते, मग ती वस्तू कितीही निरुपद्रवी असो. म्हणून थायरोप्लास्टीचा तुकडा स्नायूच्याही बाहेर, स्वरयंत्राच्या पुढच्या भागातील थायरॉइड नावाच्या कूर्चेच्या आतल्या बाजूला बसवला जातो. मानेवर छोटा छेद घेऊन त्या कूर्चेत साधारण ५ ते ६ मिलिमीटर उंच आणि १० ते १२ मिलिमीटर लांब अशी खिडकी केली जाते आणि त्या खिडकीतून तुकडा आत सरकवून निकामी रज्जू मधल्या रेषेकडे ढकलली जाते. दुसरी, चांगली रज्जू मग तिला येऊन टेकते आणि आवाज भरतो. क्योटोचे नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये ही पद्धत वर्गीकरणासह मांडली. स्वरयंत्राची चौकट बाहेरून बदलण्याची कल्पना त्याआधी, १९१५ मध्ये, एर्विन पायर यांनी मांडली होती, पण ती रुजली इशिकी यांच्यामुळेच.

आता शरीर काय करते ते पाहू. कोणतीही परकी वस्तू ऊतीत गेली की काही क्षणांतच रक्तातील आणि ऊतिद्रवातील प्रथिने तिच्यावर चिकटतात. पेशींची गाठ मूळ पदार्थाशी पडत नाही, ती या प्रथिनांच्या थराशी पडते. पुढचे पहिले दोन दिवस न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशींचे असतात. जंतुसंसर्ग नसेल तर त्या लवकर ओसरतात आणि त्यांची जागा मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी घेतात. पुढे काय घडणार हे बहुतांशी या पेशी ठरवतात. समोरचा कण साधारण १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असेल तर मॅक्रोफेज तो गिळते. त्याहून मोठा असेल तर अनेक मॅक्रोफेज एकत्र येऊन बहुकेंद्री महाकाय पेशी बनवतात आणि कणाला घेरतात. वस्तू इतकी मोठी असेल की कोणतीच पेशी तिला गिळू शकत नाही, आणि तिचा पृष्ठभाग गुळगुळीत व रासायनिकदृष्ट्या शांत असेल, तर त्या पेशींचा पातळ थर तिच्यावर पसरतो, फायब्रोब्लास्ट पेशी त्याबाहेर कोलॅजनचे तंतू विणतात आणि काही आठवड्यांत वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार होते. हे आवरण म्हणजे शरीराने त्या वस्तूशी केलेला समझोता असतो. वस्तू स्वीकारली जात नाही आणि फेकूनही दिली जात नाही, तिला वेगळे काढून एका जागी बंद केले जाते. इम्प्लांटच्या बाबतीत यश म्हणतात ते हेच. त्यामुळे ‘शरीराने स्वीकारले का’ या प्रश्नापेक्षा ‘भोवतीचे आवरण पातळ आणि शांत आहे का’ हा प्रश्न अधिक नेमका आहे.

आपल्याकडे शेतात पायात बाभळीचा काटा मोडला आणि टोक आत राहिले, तर काय होते हे आपण पाहिले असेल. काटा सेंद्रिय असतो, टोकदार असतो, सोबत माती आणि जंतू घेऊन गेलेला असतो, आणि प्रत्येक पावलागणिक दाबला जातो. त्यामुळे भोवती आवरण बनूनही ते शांत होत नाही, कधी पू होतो, कधी वर्षभर ठसठसणारी गाठ राहते. त्याच पायात हाड जोडण्यासाठी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू मात्र वर्षानुवर्षे मुकाट राहतो. शरीर तेच असते आणि पेशीही त्याच असतात. या उदाहरणातील चारही गोष्टी, म्हणजे पदार्थाची शुद्धता, कडांची धार, जंतू आणि हालचाल, स्वरयंत्रातही जशाच्या तशा लागू पडतात.

टेफ्लॉनचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रज्जूमध्ये सुईने काहीतरी भरून तिला फुगवण्याचा प्रयोग विल्हेल्म ब्रुनिंग्स यांनी १९११ मध्ये पॅराफिन वापरून केला. पॅराफिन आपली जागा सोडून सरकत असे आणि भोवती गाठी होत, त्यामुळे ते मागे पडले. १९६२ मध्ये गॉडफ्रे अर्नोल्ड यांनी टेफ्लॉनचा लेप वापरात आणला आणि पुढची सुमारे तीन दशके तोच प्रमुख उपाय राहिला. तव्यावर काही चिकटू नये म्हणून जो पदार्थ लावतात, तो शरीरातही कशाशीच अभिक्रिया करणार नाही, हा त्यामागचा तर्क होता. तर्क पदार्थापुरता बरोबरच होता. पण लेप म्हणजे ग्लिसरिनमध्ये कालवलेले टेफ्लॉनचे सूक्ष्म कण होते. ग्लिसरिन थोड्याच दिवसांत शोषले जाई आणि मागे असंख्य कण उरत. त्यातले काही इतके लहान होते की मॅक्रोफेज त्यांना गिळत, काही इतके मोठे की महाकाय पेशी त्यांच्याभोवती जमत. गिळलेला कण पचत नसे, ती पेशी मरून कण पुन्हा मोकळा होई आणि दुसरी पेशी त्याला उचले. वस्तू एकच असती तर एक आवरण बनून विषय संपला असता, इथे प्रत्येक कणाभोवती वेगळी लढाई चालू राहिली. शिवाय हा लेप थेट रज्जूच्या स्नायूत आणि कधी नकळत वरच्या थरात जात असल्यामुळे ही सगळी दाहप्रक्रिया सतत कंपन पावणाऱ्या जागी घडत होती. परिणामी अनेकांमध्ये काही महिन्यांनी, तर काहींमध्ये पंधरा-वीस वर्षांनीही, टेफ्लॉन ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहपेशींची घट्ट गाठ तयार झाली. आवाज पुन्हा घोगरा झाला आणि काहींना श्वास घेण्यास त्रास होऊ लागला. ही गाठ काढणेही सोपे नसते, कारण कण स्नायूच्या तंतूंत सर्वत्र पसरलेले असतात. १९९० च्या दशकात हा लेप जवळपास सर्वत्र बंद झाला. आपल्या नातलगांनी ऐकलेल्या गाठी त्या काळातल्या आहेत.

गोअर-टेक्समध्ये तोच पदार्थ ताणून, सलग पट्टीच्या रूपात वापरला जातो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेले पॉलिटेट्राफ्लुरोएथिलीन झटक्यात ताणले असता ते सच्छिद्र होते हे शोधले, आणि त्यातून कृत्रिम रक्तवाहिन्या व हृदयशस्त्रक्रियेत वापरले जाणारे तुकडे तयार झाले. स्वरयंत्रासाठी त्याचा वापर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. अनेक शल्यचिकित्सक हृदयासाठीच्या पातळ तुकड्यातून काही मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून तीच खिडकीतून घड्या घालत आत सरकवतात. या पट्टीत गिळता येण्याजोगे सुटे कण नसतात. तिच्या तंतुजाळीतील सूक्ष्म गाठींमधील अंतर साधारण २० ते ३० मायक्रॉन असते, त्यामुळे काही पेशी आणि थोडे तंतू आत शिरतात, पट्टीला पकड मिळते, पण ती भोवतालच्या ऊतीत पूर्ण विरघळून जात नाही. आवरण पातळ बनते आणि गरज पडल्यास पट्टी ओढून काढता येते. थोडक्यात, टेफ्लॉनच्या लेपात ज्या तीन गोष्टी वाईट होत्या, म्हणजे कणांचा आकार, चुकीचा थर आणि हालचाल, त्या तिन्ही इथे नाहीत. म्हणून नावातल्या नात्यावरून घाबरण्याचे कारण नाही. गोअर-टेक्स कधीच त्रास देत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. पट्टी श्वासमार्गात डोकावल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि ती बहुतेक आतले अस्तर शस्त्रक्रियेच्या वेळी फाटल्याची किंवा पट्टी गरजेपेक्षा जास्त भरल्याची आहेत.

सिलिकॉनबद्दल अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मराठवाड्यात ही शस्त्रक्रिया जिथे होते तिथे बहुधा सिलिकॉनच वापरले जाते. ते स्वस्त आहे, त्याचा अनुभव सर्वांत मोठा आहे आणि ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोरून रुग्णाच्या मापाचे करता येते. आधीच ठरावीक मापांत बनवलेले मॉन्टगोमेरी इम्प्लांटही मिळते, परंतु आपल्याकडे ठोकळ्यातून पाचरीच्या आकाराचा तुकडा कोरण्याचीच पद्धत जास्त आहे. घन सिलिकॉनभोवती तयार होणारे आवरण पातळ असते, पेशी त्याच्या आत शिरत नाहीत, आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली तर तुकडा त्या आवरणातून अलगद निघतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. आज नीट बसलेला तुकडा काही वर्षांनी, पलीकडचा स्नायू अधिक सुकला म्हणून, कमी पडू शकतो, आणि तेव्हा तो बदलता आला पाहिजे. आवाज काही वर्षांनी पुन्हा पातळ झाला की रुग्णांना वाटते, शरीराने वस्तू नाकारली. बहुतेक वेळा वस्तू जागच्या जागी, आवरणात शांत असते, सुकलेला असतो तो स्नायू.

कोरलेल्या तुकड्याच्या बाबतीत मात्र काही बारकावे पाळावे लागतात. धारदार कडा भोवतालच्या ऊतीला सतत टोचते आणि तिथे दाह टिकून राहतो, म्हणून कडा गोल करून घ्याव्यात. ठोकळा वैद्यकीय दर्जाचाच असावा. कोरताना पडलेले सिलिकॉनचे कण आणि हातमोज्यांवरची भुकटी धुऊन टाकावी, कारण पिष्टाची भुकटी स्वतःच ग्रॅन्युलोमा करू शकते. अमेरिकेत अशा भुकटीच्या हातमोज्यांवर २०१७ पासून बंदी आहे. आपण अशा गोष्टींत लक्ष घालावे अशी अपेक्षा नाही, पण शल्यचिकित्सक त्यांत लक्ष घालतात की नाही यावर पुढचे आवरण शांत राहील की नाही हे बरेच अवलंबून असते.

एकच सिलिकॉन जागा बदलली की कसे वेगळे वागते, हे आमच्या कान-नाक-घसा विभागातील दुसऱ्या दोन वस्तूंवरून दिसते. स्वरयंत्राच्या कर्करोगात संपूर्ण स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना बोलता यावे म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सिलिकॉनची छोटी झडप बसवतात. १९८० च्या सुमारास सिंगर आणि ब्लोम यांनी ती प्रचारात आणली. ती झडप लाळेत आणि अन्नाच्या संपर्कात उघडी असते, तिच्यावर कॅन्डिडा बुरशी आणि जंतूंचा चिकट थर वाढतो आणि काही महिन्यांत ती गळू लागते, मग बदलावी लागते. दुसरी वस्तू म्हणजे श्वासनलिका आक्रसल्यावर ठेवलेली टी आकाराची सिलिकॉन नळी. कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर अनेक दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या तरुण शेतकऱ्यांमध्ये श्वासनलिका आक्रसण्याचा हा त्रास आमच्या भागातल्या कान-नाक-घसा विभागांना परिचित आहे. त्या नळीच्या दोन्ही टोकांना, जिथे कडा अस्तरावर घासते, तिथे लालसर मांसांकुर उगवतात. नळीच्या मधल्या भागात ते सहसा होत नाहीत. पदार्थ तिन्ही ठिकाणी सिलिकॉनच असतो. फरक असतो तो अस्तर शाबूत असण्याचा आणि घर्षणाचा. थायरोप्लास्टीचा तुकडा बंद जागेत, निर्जंतुक ऊतीत, स्नायूच्या आड असतो, म्हणूनच तो टिकतो. बसवताना आतले अस्तर फाटले तर मात्र तोच तुकडा लाळ आणि जंतूंच्या संपर्कात येतो, त्याची स्थिती त्या झडपेसारखी होते आणि शरीर त्याला श्वासमार्गाच्या दिशेने ढकलू लागते. हे सर्वांत सहज घडते ते खिडकी वाजवीपेक्षा वर घेतल्यावर, कारण रज्जूच्या वरच्या पोकळीचे अस्तर फार पातळ असते आणि त्यामागे स्नायूचा आधार नसतो. अस्तर फाटल्याचे शस्त्रक्रियेतच लक्षात आले, तर त्या दिवशी तुकडा न बसवता जखम भरू द्यावी आणि नंतर पुन्हा यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाला हा निर्णय निराशाजनक वाटतो, पण तो त्यांच्या हिताचा असतो.

टायटॅनियम आणि हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट यांच्यावर फार वेळ घालवत नाही. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा स्थिर पापुद्रा तयार होतो आणि ऊती त्याच्याशी चांगले जुळवून घेते. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हा हाडातल्या खनिजाशी साधर्म्य असलेला पदार्थ आहे. दोन्ही चांगले आहेत, दोन्ही महाग आहेत, आणि आपल्या प्रकरणात त्यांच्यामुळे आवाजात वेगळा फरक पडेल असे मला वाटत नाही.

सुईने भरण्याच्या आजच्या पदार्थांबद्दलही आपण ऐकाल. हायलुरोनिक आम्ल हे रज्जूच्या सैल थरात मुळातच असते, त्यामुळे त्याला दाह कमी होतो आणि ते काही महिन्यांत शोषले जाते. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे साधारण २५ ते ४५ मायक्रॉनचे गोळे जेलमध्ये मिसळून देतात. जेल दोन-तीन महिन्यांत जाते आणि गोळ्यांच्या भोवती फायब्रोब्लास्ट तंतू विणतात. हे गोळे आकाराने एकसारखे आणि गुळगुळीत असतात व मॅक्रोफेजला गिळता येणार नाहीत इतके मोठे असतात, त्यामुळे टेफ्लॉनची पुनरावृत्ती टळते. पण ते चुकून वरच्या थरात गेले तर रज्जू ताठ होते आणि ती अडचण काढणे कठीण असते. रुग्णाच्या पोटातील चरबी भरणे हाही पर्याय आहे, त्यात परकेपणाचा प्रश्न नाही, मात्र त्यातली किती चरबी जगेल हे आधी सांगता येत नाही. रज्जू हलवणारी चेता (मज्जातंतू) शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात ती सुधारू शकते, म्हणून त्या काळात तात्पुरते इंजेक्शन देऊन वाट पाहणे योग्य असते. आपले चौदा महिने झालेले आहेत, त्यामुळे कायमस्वरूपी उपायाचा विचार करण्याची वेळ आली आहे, हे आपल्या दोन्ही शल्यचिकित्सकांचे म्हणणे मला मान्य आहे.

कर्करोगाच्या भीतीबद्दल. ही भीती बहुधा स्तनांच्या इम्प्लांटविषयीच्या बातम्यांमधून आली आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये जेलने भरलेल्या सिलिकॉन स्तन-इम्प्लांटवर निर्बंध आले होते, आणि नंतरच्या काळात एका दुर्मीळ लिम्फोमाचा (लसिकापेशींच्या कर्करोगाचा) संबंध स्तन-इम्प्लांटशी, तोही मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाच्या प्रकाराशी, जोडला गेला. इथेही पदार्थापेक्षा पृष्ठभागानेच फरक केला, हे लक्षात घ्यावे. स्वरयंत्रात वापरला जाणारा तुकडा घन असतो, त्यात गळणारे जेल नसते आणि त्याचा आकार बोटाच्या नखाएवढाही नसतो. त्याच्यामुळे स्वरयंत्राचा कर्करोग होतो असे आढळलेले नाही. आमच्या भागात स्वरयंत्राच्या आणि घशाच्या कर्करोगाला कारणीभूत असते ती तंबाखू. घरात मिश्री लावण्याची सवय असेल तर काळजी तिची करावी. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, हे बायकांना सांगताना मला दरवेळी पुन्हा सांगावे लागते.

तंबाखूचा संबंध जखम भरण्याशीही आहे. तुकडा तोच असला तरी प्रतिसाद रुग्णागणिक बदलतो. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. अनियंत्रित मधुमेहात न्यूट्रोफिल मंदावतात आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. मानेला पूर्वी किरणोपचार झाले असतील तर कूर्चा आणि अस्तर यांचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो, आणि अशा मानेत कोणताही तुकडा बसवताना मी सर्वाधिक सावध असतो. आपली थायरॉइडची गाठ साधी होती की कर्करोगाची, आणि मानेला बाहेरून किरणोपचार दिले का, हे आपण लिहिलेले नाही. ते शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगावे. रेडिओआयोडीनच्या गोळीचा विचार यापेक्षा वेगळा आहे, त्याने कूर्चेचे तसे नुकसान होत नाही. पित्त घशाशी येण्याचा त्रास असेल तर तोही आधी आटोक्यात आणावा, कारण आम्लाने सुजलेले अस्तर सहज फाटते. आणि डावी रज्जू बंद पडण्याचे कारण थायरॉइडची शस्त्रक्रियाच होती याची खात्री करण्यासाठी छातीचा एक सीटी स्कॅन पाहिलेला असावा. डावी चेता महाधमनीला वळसा घालून छातीतून वर येते, आणि क्षयाच्या गाठी किंवा फुप्फुसाचा कर्करोगही तिला दाबू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी रज्जू हलत होती आणि नंतर लगेच थांबली अशी नोंद आपल्या कागदांत असेल, तर हा प्रश्न जवळपास मिटतो.

शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी मान बधिर करून, रुग्ण जागा ठेवून करतात, कारण तुकड्याचे माप आपल्याकडून ‘आ’ म्हणवून घेत, आवाज ऐकतच ठरवावे लागते. पहिल्या चोवीस तासांत आतली सूज वाढते. ही सूज म्हणजे तुकडा नाकारला जाणे नव्हे, ती शस्त्राने झालेल्या इजेची असते. पण मार्ग अरुंद असल्यामुळे तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक रात्र तरी रुग्णालयात काढावी लागते. टेबलावर चांगला वाटलेला आवाज दुसऱ्या दिवशी घट्ट, दाबल्यासारखा वाटेल आणि काही आठवड्यांत सूज उतरल्यावर पुन्हा मोकळा होईल. दीड ते तीन महिन्यांत आवरण पक्के होते, त्यामुळे आवाजाचा अंतिम हिशोब तोपर्यंत करू नये. जून महिन्यात शाळा सुरू होताना पूर्ण वर्ग घ्यायचा असेल तर शस्त्रक्रिया मार्चपर्यंत व्हावी, हे व्यावहारिक गणितही ध्यानात ठेवावे.

पुढच्या काळात काही लक्षणे दिसली तर वाट न पाहता दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. चांगला झालेला आवाज अचानक बिघडणे, खोकल्यातून रक्त किंवा पांढरट तुकडा पडणे, तोंडाला दुर्गंधी येणे, मानेच्या व्रणाजवळ लालसर सूज आणि ताप, ही ती लक्षणे आहेत. श्वास घेताना आवाज येऊ लागला तर रात्री-अपरात्रीही जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे, मग ते संभाजीनगरचे घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाईचे किंवा नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय असो. तुकडा बाहेर येण्याचे प्रसंग कमी असतात आणि ते बहुधा पहिल्या काही महिन्यांत दिसतात, परंतु क्वचित वर्षांनीही घडतात. तसे झाले तरी तुकडा काढल्यावर भोवती राहिलेला व्रण रज्जूला काही अंशी आतच धरून ठेवतो आणि आवाज पूर्वीइतका खाली जात नाही, असे अनेकदा दिसते.

सिलिकॉन की गोअर-टेक्स, असा सरळ प्रश्न आपण केला आहे, तर माझे उत्तर असे आहे की यांपैकी ज्या पदार्थावर आपल्या शल्यचिकित्सकांचा हात बसलेला आहे तो निवडावा. दोघांनाही ‘कोणता पदार्थ चांगला’ हे विचारण्याऐवजी ही शस्त्रक्रिया ते नियमित करतात का, ती रुग्ण जागा ठेवून करतात का, आतले अस्तर शाबूत आहे हे दुर्बिणीने तिथेच पाहतात का, तुकडा हलू नये म्हणून तो कसा अडकवतात, आणि अस्तर फाटलेच तर त्यांचा बेत काय असेल, हे विचारावे. या प्रश्नांची शांतपणे उत्तरे देणारा माणूस निवडावा. रज्जूच्या मागच्या टोकाशी मोठी फट असेल तर केवळ तुकड्याने ती भरत नाही, तिथल्या कूर्चेला टाका घालून फिरवावे लागते. आपल्याला पाणी पिताना ठसका लागतो, त्यामुळे याही बाबतीत त्यांचे मत घ्यावे.

डिस्चार्ज कार्डावर तुकडा कोणत्या पदार्थाचा, कोणत्या बाजूला आणि किती मापाचा आहे याची नोंद मागून घ्यावी आणि त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवावी. सिलिकॉन, गोअर-टेक्स आणि टायटॅनियम या तिन्हींमुळे एमआरआय करण्यास अडथळा येत नाही. पुढे दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल घ्यावी लागली, तर भूलतज्ज्ञांना या तुकड्याविषयी आधीच सांगावे. मधली जागा अरुंद असल्यामुळे ते लहान मापाची नळी घेतील आणि ती हळुवार घालतील. कधी पेट (PET) स्कॅन, म्हणजे जास्त काम करणाऱ्या पेशी चमकवून दाखवणारी तपासणी, झालाच, तर चांगली रज्जू एकटीच काम करत असल्यामुळे ती स्कॅनवर चमकते आणि तिथे गाठ असल्याचा भास होऊ शकतो. जुन्या टेफ्लॉनच्या गाठीही तशाच चमकतात, आणि अशा चमकीमुळे विनाकारण बायोप्सी झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तो कागद स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांच्याही हाती द्यावा.